प्रेस थांबवल्यावर

अंबडच्या कारखान्यात मी आणि माझी मैत्रीण शेजारशेजारच्या, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेसवर होतो. ती सायखेड्याहून यायची, मी सिडकोत खोली घेऊन एकटी राहायचे. डबा मात्र रोज एकत्र.

एका दुपारी तिचा हात आत असतानाच प्रेस खाली येऊ लागली. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. हात वाचला. काम भराभर व्हावं म्हणून मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं जाळीचं झाकण, काढून ठेवलेलं होतं. ते बसवल्याशिवाय मी प्रेस चालू करू दिली नाही. सुपरवायझरशी शब्दाला शब्द वाढला.

काम बंद पाडल्याचा ठपका ठेवून मला काढून टाकलं. कारखान्यातली चौकशी नावापुरती झाली. माझं म्हणणं कुणी लिहूनही घेतलं नाही. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटाची बैठक झाली, तिथं कंपनीचा माणूस चहा पिऊन उठून गेला. मग प्रकरण कामगार न्यायालयात गेलं.

तारखेला मी लवकर जाऊन बसायचे. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळायची. मधल्या काळात गंगापूर रोडला एका शिवणकामाच्या दुकानात ब्लाउजना हूक लावत होते. देवळ्याहून आई फोनवर विचारायची, "आलीस का गं कंपनीतून?" मी "हो, आत्ताच" म्हणायचे. कारखान्यातल्या बायका भाजीबाजारात दिसल्या तर दुसऱ्या गाळ्याकडे वळायच्या. त्यांनाही नोकरी टिकवायची होती.

शेवटी कोर्टानं कारखान्यातली ती चौकशी चुकीची ठरवून बाजूला सारली. आता कंपनीला माझा दोष कोर्टातच सिद्ध करायचा होता. त्यांनी साक्षीला, जिचा हात वाचला होता त्या माझ्या मैत्रिणीलाच उभं केलं.

"मशीन ठीक होतं. हिनंच भांडण काढलं," ती खाली बघत म्हणाली.

माझ्या वकीलबाईंनी विचारलं, "बटण दाबलं तेव्हा तुमचा हात कुठं होता?"

तिनं मागं बसलेल्या कंपनीच्या साहेबांकडे बघितलं. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"आत होता."

"आणि गार्ड?"

"नव्हतं."

बाहेर व्हरांड्यात मी तिच्याजवळ गेले. "नको बोलू आता," ती म्हणाली, "साहेब बघताहेत."

निकाल माझ्या बाजूनं लागला. मला कामावर परत घेतलं. प्रेसला गार्ड बसलेलं होतं, पण शेजारच्या मशीनवर दुसरीच बाई. साक्षीनंतर माझ्या मैत्रिणीकडून राजीनामा लिहून घेतल्याचं मला तिथं कळलं. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं होई.

एका रविवारी मी सायखेड्याला गेले. ती ओट्यावर कांदे निवडत होती.

"तूही केस कर. मी साक्ष देते," मी म्हटलं.

"नाय गं. तुझे हाल मी बघितलेत. लय एकटं पडतं माणूस."

तिनं पोहे केले. मी खाल्ले आणि बस धरून परत आले.