थोरल्याची उडालेली माती

वाटणीत थोरल्या भावानं माळाचा पश्चिमेकडचा तुकडा उचलला आणि पूर्वेकडचा, जास्त मुरमाड, माझ्या गळ्यात बांधला. होटगीच्या पलीकडची ती जमीन. नांगराचा फाळ चार बोटं आत गेला की मुरूम खडखडतो. थोरल्याला वाटलं, धाकट्याला बरोबर बुडवला. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

येत्या सुगीला खाण्यापुरती बाजरी पिकली नाही, तर सोलापूरला जाऊन गिरणी धरीन, असं मी घरात बोलून बसलो होतो. गावानं तर माझं गाठोडं बांधूनच ठेवलं होतं.

त्या काळी शहाणा शेतकरी कोण? ज्याचं रान तळहातासारखं साफ, तो. बाजरी काढली की बुडाशी उरलेलं एकूण एक धसकट उपटायचं, बायकांनी ते चुलीला न्यायचं, मग कुळवावर कुळव घालून माती पिठासारखी करायची. पिठासारखी! पीठ फुंकलं की उडतं, हे जात्यावर बसणाऱ्या बाईला कळतं, पण या मिशीवाल्यांना कळत नव्हतं. मी धसकटं तशीच ठेवली. आदल्या उन्हाळ्यात उपटायच्या राहिलेल्या एकेका धसकटाच्या आड ओंजळभर माती अडलेली मी पाहिली होती. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेलो नाही, पण डोळे काही शाळेत ठेवून आलो नव्हतो.

पारावर थोरला म्हणाला, "आमच्या धाकट्याला औंदा धसकटाचं बी धरायचं हाय जणू." सगळे फिदीफिदी हसले.

घरात बायको तापलेली. "अवो, समद्या गावाच्या चुली धसकटावर पेटत्यात, आन् मी वढ्याला बाभळीची काटकं येचत हिंडू व्हय?"

ती हिंडली. बोटांत काटे मोडून घेतले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण धसकट मी एकही उपटू दिलं नाही.

चैत्रात धनगराचा कळप आला. मेंढरं रानात बसवली की लेंड्यामुताचं खत मिळतं. थोरल्यानं धनगराला जास्त दाणे कबूल केले आणि कळप आपल्या साफ रानात बसवून घेतला. माझ्या रानात एक कोकरू फिरकलं नाही. जाताना धनगर मला म्हणाला, "तुमच्या दादाचं रान म्हंजी अंगण हाय की!"

म्हटलं, "अंगणात बाजरी कुटं येती?"

मग मृगाच्या आधी वारा सुटला. पावसाचा थेंब नाही, तीन दिवस नुसता वारा. थोरल्याच्या रानातून लोट उठायचा आणि माझ्या धसकटांत येऊन बसायचा. वाळक्या लेंड्या घरंगळत आल्या, बारीक माती आली. चौथ्या दिवशी त्याच्याकडं मुरूम उघडा पडला होता आणि माझी धसकटं निम्मी बुजली होती.

थोरला गाडी जुंपून आला. गाडीत पाटी, खोरं.

"माती माझी हाय. लेंड्या बी माझ्याच. धनगराला दाणं म्या दिल्यात."

"न्या की, दादा. फकस्त तुमची तेवढी निवडून न्या. माझं एक ढेकूळ गेलं, तर पंच बसवीन."

आणि तो शहाणा खरोखर उकिडवा बसला, लेंड्या वेचायला! दुपारपर्यंत दोन पाट्या भरल्या. त्या नेऊन त्यानं आपल्या उघड्या मुरमावर ओतल्या. संध्याकाळी वारा परत उठला, मी बांधावर बसून तंबाखू मळत होतो.

त्या साली माझी बाजरी डोक्याच्या वर गेली, थोरल्याची गुडघ्याशीच अडली. गिरणीचं नाव निघालं नाही. गाठोड्याच्या फडक्यात बायकोनं कणसं बांधून आणली.

दिवाळी होऊन गेली तरी थोरल्याच्या रानात धसकटं उभी. मी विचारलं, "काय दादा, बी धरायचं का औंदा?"

"न्हाय रं. तुज्या वैनीची कंबर धरलीया. उपटाय कोण हाय?"

तेवढ्यात वैनी वढ्याकडून आली. डोक्यावर बाभळीच्या काटक्यांचा हा एवढा भारा, आणि चाल कशी, ताठ.