दादाचा ड्रम आणि माझा कोनमापक

एकच बटण फिरवून एका वेळी किती गोष्टी बिघडवता येतात, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो : चार. बटणे आठ असल्यास बत्तीस. त्यांत लेखकाची अब्रू मिळवल्यास तेहतीस. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. हा प्रयोग मी स्वतः, उरणजवळच्या आमच्या गावात, सख्ख्या पुतणीच्या हळदीला, भर मांडवात केलेला आहे!

मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत असे. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर मी स्वहस्ते एक नियम लिहिला होता : ‘प्रयोग संपताच प्रत्येक बटण शून्यावर आणावे.’ निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, नियम सुटला नाही. घरातील पंखा, मिक्सर, शेगडी, सर्व काही मी शून्यावर आणून ठेवतो. (एकदा शेगडी शून्यावर आणली तेव्हा तिच्यावर डाळ शिजत होती. त्या विषयावर आमच्या सौभाग्यवतींचा स्वतंत्र लेख होऊ शकेल.) हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आमची कन्या मयूरी न्हावा शेव्याला एका मालवाहतूक कचेरीत कामाला आहे. दिवसभर कंटेनर मोजते आणि संध्याकाळी लॅपटॉपवर संगीत करते. पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा मी घाबरून स्वतःची नाडी पाहिली.

“पप्पा, ह्याला ड्रम अँड बेस म्हणतात.”

“कशावर घेतात?”

“ऐकतात! मिनिटाला एकशे सत्तरच्या आसपास ठोके असतात.”

“एवढे ठोके पडले, तर मनुष्य ऐकण्याच्या स्थितीत राहतो का?”

ती हसली आणि मला समोर बसवून तिने शिकवले. (भूमिकांची ही अदलाबदल मला मानवली नाही, तरी मी वही काढली.) एखाद्या वादकाने वाजवलेल्या ड्रमचा काही सेकंदांचा तुकडा घ्यायचा, ठोक्याठोक्याला चिरायचा, मग त्या फोडी वेगळ्या क्रमाने आणि अधिक वेगाने मांडायच्या. त्याला ब्रेकबीट म्हणतात. तिने चिरलेला तुकडा मात्र मी ऐकताक्षणी ओळखला. तो माझ्या थोरल्या भावाचा होता.

दादाने सातवीत शाळा सोडली आणि मी शाळा कधीच सोडली नाही, एवढाच आम्हा भावांत फरक. तो सकाळी मिठागरात राबे आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवी. गावातली कोणतीही हळद त्याच्या पहिल्या ठोक्याशिवाय नाचायला उभी राहिली नाही. लहानपणी तो ओट्यावर सराव करी आणि मी समोर घड्याळ घेऊन बसे.

“दादा, तुझा तिसरा ठोका प्रत्येक वेळी उशिरा पडतो.”

“उशिरा न्हाय रं. नाचनाऱ्याचा पाय वर हाय ना? त्याला खाली यायला टाइम नको?”

मी वहीत ‘उशिरा’ असेच लिहिले.

दोन वर्षांपूर्वी दादाला लकवा झाला. बोलणे परत आले, चालणे काठीने परत आले. उजवा हात परत आला नाही. त्याच्या ड्रमच्या काठ्या खुंटीला लागल्या. आणि आता त्याच्याच लेकीची, स्नेहलची हळद, त्याच्याच अंगणात, त्याच्या ठोक्याशिवाय होणार होती. एके दिवशी त्याने खुंटीवरच्या काठ्या काढून कपाटात ठेवल्या.

मयूरीने ते पाहिले. तिच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा जुन्या हळदीत वाजवणारा दादा होता. त्यावरून तिने महिनाभर खपून एक तुकडा तयार केला आणि दादाकडे परवानगी मागायला गेली. मीही गेलो. (निरीक्षक म्हणून.)

“दादाकाका, हळदीला मी वाजवू का? पण तुमचाच ड्रम. माझा फक्त स्पीड.”

दादाने काठी भिंतीला टेकवली. “वाजव. पन मना वलखाला आला पायजे. वलखाला न्हाय आला तं बंद कर. दुसऱ्याचा ड्रम माज्या दारात नको.”

मग तिने त्याला ती आठ बटणांची छोटी पेटी दाखवली. प्रत्येक बटण म्हणजे एक मॅक्रो. मॅक्रो म्हणजे काय, हे मला तीन दिवस कळले नव्हते. दादाला एका वाक्यात कळले.

“एक बटण फिरवलं की आत चार-चार गोष्टी एकदम हलतात, दादाकाका.”

“म्हंजे उघाडी! एक फली उचलली का खाडीचा पानी समद्या वाफ्यांत.”

मिठागराला खाडीचे पाणी देणाऱ्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. याहून अचूक व्याख्या मला आजतागायत कोणत्याही पुस्तकात आढळलेली नाही.

पडद्यावर तिने बटणांना नावेही दिली होती. ‘भरती’ फिरवले की खालचा जाड आवाज चढे. ‘खाडी’ फिरवले की सगळे पाण्याखालून ऐकू येई. ‘चटणी’ने आवाजाला तिखटपणा येई. आठव्या बटणाचे नाव होते ‘दादाकाका’. त्याच्यामागे बांधलेल्या चार गोष्टी अशा : तिसरा ठोका किती मागे ठेवायचा, मधल्या हलक्या टिचक्या किती ऐकू द्यायच्या, जोर किती कमीजास्त करायचा आणि कातड्याचा सूर किती हलू द्यायचा.

आता हळदीच्या दिवसाची सकाळ. मयूरी मांडवात स्पीकर लावून घेत होती. मी तिच्या खोलीत धूळ पुसायला शिरलो. (मला कोणी सांगितले नव्हते. बहुतेक अपघात असेच होतात.) टेबलावर लॅपटॉप चालू आणि शेजारी ती पेटी, आठही बटणे आठ दिशांना तोंडे करून बसलेली! माझ्या वर्गात अशी आठ मुले असती, तर मी आठांनाही उभे केले असते.

प्रयोग संपला होता. नियम स्पष्ट होता.

परंतु मी बेजबाबदार मनुष्य नाही. शून्यावर आणण्यापूर्वी मूळ स्थितीची नोंद हवी. मी कंपासपेटी आणली आणि कोनमापक लावून एकेका बटणाच्या खुणेचा कोन मोजला. सुदैवाने सर्व खुणा वरच्या अर्धवर्तुळात होत्या. सात वाचने वहीत लिहिली. आठव्या बटणावरची खूण मात्र बोटांनी फिरवून फिरवून पार पुसली गेली होती. तेथे मी लिहिले : ‘क्र. ८ – खूण झिजलेली. वाचन उपलब्ध नाही.’ मग नातेसंबंध बाजूला ठेवून आठही बटणे शून्यावर आणली. लॅपटॉप बंद करताना त्याने बदल जपून ठेवू का, असे विचारले. केलेले चांगले काम वाया का घालवा? मी ‘होय’ म्हटले.

संध्याकाळी पाच वाजता अंगण भरले. स्नेहल पाटावर पिवळीधमक झालेली, आमच्या सौभाग्यवती कोपरापर्यंत हळदीने माखलेल्या, आणि दादा नवा सदरा घालून पुढच्या खुर्चीवर. मांडवाखाली भावकी नाचायला उभी होती. मयूरीने कळ दाबली.

टक. टक. टक. टक.

प्रत्येक ठोका जागच्या जागी, सारख्या अंतरावर, सारख्या जोराचा. तहसील कचेरीत कोणीतरी रागाने टंकलेखन करत असावे, असा तो आवाज! सत्य सांगतो, मला तो आवडला. गणिती दृष्टीने निर्दोष होता. नाचायला उचललेले पाय मात्र हवेतच अडकले.

“मयूरी, शिलाई मशीन लावलीस काय गं?” कोणीतरी ओरडले.

दादा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. तो शांतपणे म्हणाला, “ह्यो मी न्हाय.”

आणि उठायला लागला.

मयूरीचा चेहरा उतरला. तिने पेटीकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, मग सावकाश माझ्याकडे पाहिले. तीस वर्षे मी मुलांकडे ज्या नजरेने पाहत आलो, ती नजर समोरून कशी दिसते, हे मला त्या दिवशी समजले.

“पप्पा. माझ्या रूममध्ये कोण गेलं होतं?”

“धूळ फार होती...”

“सगळं झिरो केलंत? आणि सेव्ह पण केलंत? महिनाभर कानाने लावलं होतं मी! नंबर कुठेच लिहिले नाहीत!”

“मी लिहिले आहेत!” मी सदऱ्यातून वही काढली. मला वाटले, टाळ्या पडतील.

“अहो, डाळ कच्ची ठेवलीत तेव्हाही लिहून ठेवलं होतंत,” सौभाग्यवती म्हणाल्या. “किती वाजता कच्ची राहिली ते!”

दादा अर्धवट उठलेला तसाच थांबला. “बस रं दादा, दोनच मिनिटे,” मी विनवले. तो बसला, पण टेकून नाही.

मी खणखणीत आवाजात वाचन सुरू केले. “क्रमांक एक, भरती : एकशे पन्नास अंश! क्रमांक दोन, खाडी : एकशे चाळीस अंश! क्रमांक तीन, चटणी : एकशे पासष्ट!” मयूरी बटणे लावत गेली. “पप्पा, एवढं जास्त नव्हतं हो...” “वहीत आहे ते आहे!” सातही बटणे लागली. तिने पुन्हा कळ दाबली.

पुढे जे घडले त्याचे वर्णन विज्ञानाच्या भाषेत ‘अनुनाद’ असे करता येईल. भांडी उतरंडीवरून चालू लागली. स्पीकरवर कोणीतरी ठेवलेले हळदीचे ताट थरथरत कडेपर्यंत आले, क्षणभर विचारात पडले, आणि थेट माझ्या डोक्यावर उतरले. शेजारची म्हैस दावे तोडून खाजणाकडे धावली. आणि हे सर्व पाण्याखालून ऐकू येत होते!

मी पिवळा होऊन उभा असताना मागून एक आवाज आला. बंदरावर ट्रेलर चालवणारा आमचा जुना विद्यार्थी, प्रकाश.

“सर! कोनमापकाची आतली पट्टी वाचलीत का बाहेरची?”

सगळा मांडव माझ्याकडे वळला.

वाचकहो, कोनमापकावर आकड्यांच्या दोन पट्ट्या असतात, एक डावीकडून चढणारी, दुसरी उजवीकडून. चुकीची वाचली, तर तीस अंशांचे एकशे पन्नास होतात. या एका चुकीसाठी मी किती मुलांचे गुण कापले, हे मी सांगणार नाही. प्रकाशचे मात्र दोनदा कापले होते.

“आतली,” मी म्हणालो.

“बाहेरची वाचायची होती, सर,” तो अत्यंत आदराने म्हणाला. “एकशे ऐंशीतून वजा करा. हातचा विसरू नका!”

मी वजा केले. मोठ्याने, उभ्याने, डोक्यावरून हळद गळत असताना. आणि प्रत्येक उत्तराला अर्धे गाव ‘बरोबर!’ म्हणत होते. भरती तीस, खाडी चाळीस, चटणी पंधरा, अशी सात बटणे जागेवर आली. मयूरीने कळ दाबली. आवाज भरदार झाला, मांडव हलला. ठोके मात्र अजून टक, टक.

दादाने मान हलवली. “न्हाय.”

“आठवं, पप्पा. आठव्याचं काय लिहिलंय?”

मी वाचून दाखवले. ‘खूण झिजलेली. वाचन उपलब्ध नाही.’

तिने आठव्या बटणावर बोट ठेवले. “तेच सगळ्यात जास्त फिरवलं होतं ना मी. नाही तर दादाकाका सापडतच नव्हते.” मग तिने पेटी माझ्यापुढे सरकवली. “तुम्ही फिरवा. ओट्यावर समोर बसून तुम्ही ऐकलंय त्यांना. मी नाही.”

“मी? मला कोनाशिवाय...”

“फिरवा.”

मी बटण धरले. खूण नव्हती, आकडा नव्हता, वहीचा उपयोग नव्हता. किंचित फिरवले. हलक्या टिचक्या ऐकू येऊ लागल्या, ओट्यावर दुपारी ऐकू येत तशा. आणखी फिरवले. तिसरा ठोका रेषेवरून सुटला आणि मागे रेंगाळला.

“अजून,” दादा म्हणाला. डोळे मिटलेले.

आणखी थोडे.

“ज्यास्ती जाला. मागं घे. हां... उलीसाक.”

केसभर मागे. आता तिसरा ठोका नेमका तेवढाच उशिरा पडत होता, जेवढा लहानपणी ओट्यावर पडे. दादाच्या डाव्या हाताची बोटे गुडघ्यावर हलू लागली. मग त्याचा पाय वर उचलला गेला, क्षणभर हवेत राहिला, आणि ठोका त्याची वाट पाहून त्याच्याबरोबर खाली आला.

“ह्यो!” दादा ओरडला. “ह्यो मी! आगं स्नेहल, तुजा बाप वाजवतंय!”

स्नेहल पाटावरून उठली ती तशीच, हळदीच्या हातांनी, बापाच्या गळ्यात पडली. नव्या सदऱ्याचे जे व्हायचे ते झाले. मग मिनिटाला एकशे सत्तर ठोक्यांना सारी भावकी नाचली. प्रकाश नाचला, सौभाग्यवती नाचल्या, आणि म्हैस घेऊन परतलेले शेजारी म्हशीला बांधायचे सोडून नाचले. मला मात्र जागेवरून हलता येईना. त्या बटणाला खूण नव्हती आणि बोट काढले तर ते पुन्हा सापडेल, याची मला खात्री नव्हती. शेवटी मयूरीने हळूच माझे बोट उचलले.

“सेव्ह केलंय, पप्पा. आता सोडा.”

दुसऱ्या दिवशी जुनी वही शोधून मी ‘उशिरा’ हा शब्द खोडला आणि समोर तारखेसह सही केली.

वाचकांनी यावर केवळ माझ्या सांगण्यावरून विश्वास ठेवू नये. आपल्या घरी कोणी टेबलावर, डब्यावर किंवा ड्रमवर ताल धरत असेल, तर तो मोबाइलमध्ये घ्यावा, जाणकाराकडून त्याचे ठोके घड्याळाबरहुकूम सरळ करून घ्यावेत आणि दोन्ही त्याच माणसाला ऐकवावेत. यातला ‘मी’ कोणता, ते त्यालाच विचारावे. एवढे कृपया स्वतः पडताळून पाहावे. फक्त कोनमापक वापरणार असाल, तर कोणती पट्टी वाचायची हे मला विचारू नये, प्रकाशला विचारावे.