वसतिगृहाची विहीर आणि सहा तारांची मोटार

नांदेडच्या वसतिगृहाच्या अर्जात जिल्ह्याच्या रकान्यात मी सवयीनं उस्मानाबाद लिहिलं होतं. कारकुनानं ते खोडलं, वर लातूर लिहिलं आणि म्हणाला, "नवा जिल्हा झालाय तुमचा, पेपर वाचत जा." रेणापूरजवळच्या आमच्या गावात पेपर येत नव्हता. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी दुष्काळ पडला. वसतिगृहाची सगळी भिस्त आवारातल्या एका विहिरीवर होती. प्रोजेक्टसाठी मी तिचं पाणी मोजणारं यंत्र करायला घेतलं. सायकलच्या चाकातल्या मधल्या हबचं एक रीळ, त्यावर दोरा, दोऱ्याला पितळेचं हलकं, पोकळ वजन आणि रीळ फिरवायला सहा तारांची स्टेपर मोटार. ही मोटार साध्या मोटारीसारखी सलग फिरत नाही. तिला विजेचा एक ठोका दिला की ती एकच ठरावीक पाऊल सरकते. वजन पाण्याला टेकून दोरा सैल पडला की मोटार आपोआप थांबायची; तोवर किती ठोके दिले, त्यावरून खोली निघायची. मोटार विहिरीच्या काठावर होती, ठोके देणारं आणि मोजणारं इलेक्ट्रॉनिक किट माझ्या खोलीत. मधलं अंतर शंभर फूट. तेवढ्यासाठी मी टेलिफोनची बारीक, देखणी वायर ओढली. प्रयोगशाळेच्या टेबलावर मोटार छान चालली होती. तिथं वायर दोन हात होती, एवढा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

आमचे रेक्टर गणिताचे. आकडा दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. रोज सकाळी ते माझा आकडा मेसच्या दाराशी फळ्यावर लिहीत. पाहुणे आले की मला बोलावून यंत्र दाखवायला लावत. पाणी पंचेचाळीस फुटांखाली गेलं की वसतिगृह बंद, मुलांनी घरी जायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आकडा रोज वाढत होता. अडतीस झाला तेव्हा आंघोळीला दोघांत एक बादली आली, त्रेचाळीसला दिवसाआड आंघोळ. मुलं मला विचारायची, "काय इंजिनिअर, आज किती पाणी पिली तुझी मोटार?" मी हसायचो. परीक्षा महिन्यावर होती. नांदेडात माझं कुणी नव्हतं आणि खोली भाड्यानं घेणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. मी तसं पत्र घरी टाकलं.

शुक्रवारी आबा, म्हणजे माझे वडील, भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन एस.टी.नं आले. दुष्काळात पाणी खाली गेलं की विहिरीतली पंपाची मोटार खाली उतरवावी लागते. आमच्या भागात ते काम आबा करायचे. त्या वर्षी त्यांनी किती विहिरींत डोकावलं असेल, देव जाणे. त्या दिवशी फळ्यावर चव्वेचाळीस होतं. आबांनी फळा पाहिला, विहिरीत वाकून पाहिलं, मग रहाटाची दोरी सोडली आणि ओल्या खुणेपर्यंत माझ्या टेपनं मोजली. एकोणचाळीस.

मी पुन्हा मोजली. एकोणचाळीसच.

मग मल्टिमीटर लावला. किटमधून बारा व्होल्ट निघत होते, मोटारीपर्यंत सहा-सात पोचत होते. बाकीचे त्या देखण्या वायरीनंच खाल्ले. अशक्त मोटार अधूनमधून पाऊल चुकायची. रिळात धूळ जाऊन ते जड होत गेलं, तसं जास्त चुकायची. पण किटला ते कळत नव्हतं. मोटार किती पावलं चालली हे ते मोजत नव्हतं, आपण किती सांगितली तेवढंच मोजत होतं. पाच फूट पाणी विहिरीत होतं आणि माझ्या हिशेबात नव्हतं.

आधी मोटार नीट करतो, मग सरांना सांगतो, असं मी म्हणालो. आबांना ते पटलं नाही.

"पोरं आंघोळीविना हायेत," ते म्हणाले. "आधी सांग. मोटार मागून."

रेक्टरांनी शांतपणे ऐकलं. दोरी ताणते, तिच्यावर विसंबता येत नाही, सोमवारी सकाळी दोरी आणि यंत्र दोन्ही सोडू, जुळलं तर वसतिगृह चालू ठेवू, असं त्यांनी ठरवलं. यंत्र तोवर जुळलं नाही तर प्रोजेक्टचं काय, हे त्यांनी अधांतरीच ठेवलं.

आबांना वाटलं, सोपं काम आहे. लांब वायर म्हणजे जाड वायर. त्यांनी स्टोअरमधून पंपाच्या जुन्या अॅल्युमिनियम केबलचं भेंडोळं काढलं. मोटारीला सहा तारा लागत, म्हणून आम्ही ती दुहेरी करून ओढली. पण किटची भोकं आगकाडीएवढी. प्रत्येक वायरीच्या सात तारांतल्या चार मी पक्कडीनं तोडल्या आणि तीन कोंबल्या. संध्याकाळी मोटार झकास चालली. सकाळी ती जागच्या जागी थरथरत होती. जोड सैल पडले होते, हाताला गरम लागत होते.

"इतकी जाड वायर, आन् गळ्याशी तूच बारीक केली," आबा म्हणाले. "भोकाचं माप आधी न्हाई का घ्यायचं? तू उलटं करून राहिला."

खरं तर दोघंही उलटं करून राहिलो होतो. मी वही घेऊन बसलो. मोटारीला दोन अँपिअर लागतात. वीज जाऊन परत येते, म्हणजे अंतर दुप्पट, दोनशे फूट. एवढ्या अंतरात एक-दोन व्होल्टच्या वर वाया जाऊ द्यायचे नाहीत. त्यावरून तांब्याची किती जाड तार लागेल ते निघालं, मग भोकाचं माप घेतलं. दोन्हीत बसणारी एकच निघाली, दुकानदार जिला चाळीस-शहात्तर म्हणतात ती. केसासारख्या चाळीस तारांची ही मऊ वायर वाकवली तरी तुटत नाही. बारीक म्हणून आबा तिला नाक मुरडत होते. नांदेडातल्या वजिराबाद भागातल्या दुकानात त्यांनी ती बोटावर गुंडाळून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "तांबं चांगलं हाय."

रविवारी आम्ही ती ओढली. रीळ रॉकेलनं धुतलं.

सोमवारी निम्मं वसतिगृह विहिरीभोवती जमलं. दोरी रेक्टरांनी स्वतः सोडली. एकोणचाळीस फूट, वर चार बोटं. मग मी खोलीत जाऊन किटचं बटण दाबलं. वजन टिकटिक करत खाली गेलं, थांबलं. किटवर एकोणचाळीस आणि एक चतुर्थांश, ते मी खिडकीतून ओरडून सांगितलं. रेक्टरांनी आपल्या बोटांची रुंदी टेपवर मोजली आणि मान डोलावली.

"तुझ्या आकड्यावर मी यांच्या बादल्या काढून घेतल्या होत्या," मी परत आल्यावर ते म्हणाले. "आता परत तू द्यायच्या."

फळ्यावर चव्वेचाळीस पुसून मी एकोणचाळीस लिहिलं, आणि खाली, रोज दोघांत एक बादली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. आबा पिशवी काखेला मारून उभे होते, त्यांना साडेनऊची गाडी गाठायची होती. शेवटचा पेपर मी त्याच खोलीत राहून दिला तेव्हा फळ्यावर त्रेचाळीस होतं, आणि दोरीवरही.

उरलेली आठ-दहा हात वायर मी घरी नेली. आबांनी ती रेडिओच्या आखूड वायरीला जोडली. पास झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी तो रेडिओ त्यांनी ओट्यावर आणून मोठ्यानं लावला होता.