मोजायला दुसरा

मध्य भारत हे राज्य मोडून नवं राज्य झालं आणि राजधानीबरोबर वडिलांची कचेरीही भोपाळला गेली. बरोबर आई गेली, भांडी गेली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षासाठी आमच्या जुन्याच शहरात, शिंदे की छावनी या वस्तीतल्या एका खोलीत मागे राहिलो. भोपाळचं नाव काढलं तरी डोकं फिरायचं. दोन महिन्यांत झोप उडाली. पुस्तक उघडायचं आणि तीच ओळ वाचत बसायचं. छातीत धडधड, जेवण नकोसं. यंदा परीक्षेला बसायचं नाही, असं मी ठरवूनही टाकलं.

आमच्या घरात मनाला कधी काही होत नसे. जे व्हायचं ते पोटाला. म्हणून गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांना मी पोट बिघडलंय असंच सांगितलं. ते संस्थानच्या फौजेतले हवालदार, विलीनीकरणात पलटण मोडली तेव्हा घरी बसलेले. त्यांनी रोज सकाळी पन्नास सूर्यनमस्कार सांगितले. तालमीचा नियम असा, की आपले आपण मोजायचे नाहीत. एकाने घालायचे, दुसऱ्याने मोठ्याने मोजायचे. मला रागच आला. बी.ए.ला बसणाऱ्याला पन्नासपर्यंत मोजता येत नाही की काय! वस्ताद म्हणाले, नियम म्हणजे नियम, आणि त्यांनी मला स्वतःचाच जोडीदार करून टाकलं. ते माझे मोजत, मी त्यांचे.

अंग आंबलं, भूक लागू लागली, झोपही थोडी आली. पण परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ जवळ आली तशी पुन्हा धडधड सुरू झाली आणि मी तालमीला दांडी मारली. चौथ्या दिवशी वस्ताद दारात उभे. मग मी काय ते बोलून टाकलं. पोटाला काही झालेलं नाही, मला वेड लागेल अशी भीती वाटते.

ते उंबऱ्यावरच बसले.

"पलटण मोडली तेव्हा वर्षभर माझंपण पोटच दुखत होतं," ते म्हणाले. "वैद्य झाले, हकीम झाले. मग ही तालीम काढली. मोजायला कुणी असलं की माणूस उठतो. चल, फॉर्म भर."

मी फॉर्म भरला. तिसऱ्या वर्गात का होईना, पास झालो. वडिलांनी भोपाळला कारकुनी बघून ठेवलीच होती. निघायच्या दिवशी सकाळी तालमीत गेलो. बाकीची पोरं वर्षभरात एकेक करून पांगली होती, तालमीत आम्ही दोघंच उरलो होतो. मी वस्तादांचे पन्नास मोजले. ते घामाघूम होऊन उठले आणि तबियत सांभाळ म्हणाले. उद्यापासून तुमचे कोण मोजणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.