सक्तीच्या मतदानाला गैरहजर

ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं आहे आणि मत न देणाऱ्याला दंड होतो, ही माहिती मी आमच्या वाचनालयाच्या सभेत सांगितली तेव्हा माझ्या हातात माइक नव्हता. आवाज मात्र माइकचा होता. तीस सभासद कुटुंबांपैकी त्या दिवशी नऊ जण आले होते. त्यातले दोघे मुलांना क्लासला सोडून मधला वेळ काढायला आलेले.

मी पुढे म्हणालो की आपण इथे दुबईत पाहुणे, त्यामुळे इथे मत नाही. तिकडे मत आहे, पण ते द्यायला विमानाचं तिकीट काढावं लागतं, आणि पोचल्यावर कळतं की यादीतून नाव गळालंय. म्हणजे जगात आपल्या मताला विचारणारं हे एकच ठिकाण उरलं, तीस कुटुंबांचं वाचनालय, आणि इथेही आपण येत नाही. टाळ्या पडल्या. नऊ माणसांच्या टाळ्या फार केविलवाण्या वाजतात, पण मला त्या पुरल्या.

तिथल्या तिथे नियम झाला. शब्द माझेच: प्रत्येक कुटुंबाच्या नोंदणीकृत सभासदाने प्रत्यक्ष येऊन मत देणे बंधनकारक राहील, न देणाऱ्याने पुढील सभेत उभे राहून कारण सांगावे, समसमान मते पडल्यास जैसे थे. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. गाडी खांबावर का आपटली याची कारणं वाचून आठवड्याचे पाच दिवस जातात. तरीही माणसाला कारण विचारण्याची हौस माझ्यात शिल्लक होती.

वाचनालय म्हणजे अल कुसैसमधल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या हॉलची भिंत. फ्लॅट बाईंच्या मुलाचा. बाई वसईच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे आल्या, तेव्हा त्यांच्यामागून कार्गोने पुस्तकांची सात खोकी आली. मुलगा एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये, त्याच्या ड्युटीच्या वेळा सतत बदलत्या. बाईंना चर्च सोडलं तर जायला दुसरं ठिकाण नव्हतं. मग कुणीतरी एक पुस्तक मागून नेलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि वाचनालय सुरू झालं. पूर्वी शुक्रवारी असायचं. सरकारने वीकएंड बदलल्यावर शनिवारी, दहा ते एक.

त्या तीन तासांत बाई पुन्हा शाळेत असायच्या. रजिस्टरमध्ये नोंद करण्याआधी विचारायच्या, "मागचं वाचलंत? शेवट पटला का?" एका बँकवाल्याने न वाचता परत केलेलं पुस्तक त्यांनी पिशवीत घालून त्याच्याच हातात दिलं होतं. "अजून आठ दिवस ठेवा. घाई कुणाला आहे?" पन्नाशीचा माणूस, दीडशे लोकांचा साहेब, मान खाली घालून लिफ्टकडे गेला.

सभेपुढचा विषय हा होता की पुस्तकं बाईंच्या घरून हलवायची की नाही. प्रस्ताव अध्यक्षांचा. त्यांची दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कंपनी आहे. ती दुकानांचे बोर्ड बनवते, त्यामुळे वाचनालयाला जागा मिळण्याआधी नामफलक तयार होता. ऑफिसच्या वरच्या मजल्यावर काचेची कपाटं, गालिचा, एसी, आणि मुख्य म्हणजे पार्किंग. अध्यक्ष वाईट माणूस नाही. त्यांना फक्त कशाचंही उद्घाटन करायला आवडतं. मागच्या दिवाळीत हॉलमध्ये धूर ओळखणारी यंत्रं असल्यामुळे त्यांनी बॅटरीवरच्या समईचं दीपप्रज्वलन केलं होतं. बटण दाबलं, समई लागली नाही, मग बॅटऱ्या बदलून सगळ्यांना पुन्हा उभं केलं.

"बाईंच्या वयाला आता हा त्रास किती द्यायचा?" असं त्यांचं म्हणणं. त्रास होतोय असं बाई कधी म्हणाल्या नव्हत्या. पण आपल्या लोकांत एखाद्याकडून काही काढून घ्यायचं असलं की आधी त्याच्या तब्येतीची चौकशी होते.

बाईंनी स्वतःची सात खोकी स्थापनेच्या दिवशीच वाचनालयाला देऊन टाकली होती, शाल-श्रीफळ घेऊन, लेखी. त्यामुळे मत विरुद्ध गेलं तर सगळंच जाणार होतं. मुलाने विचारलं, "आई, तुझीपण?" त्या म्हणाल्या, "दिली म्हणजे दिली."

मतदान शनिवारी, सकाळी सात ते एक, बाईंच्याच घरी. हेही आमचंच डोकं. यात काही चमत्कारिक आहे असं आधी कुणालाच वाटलं नाही. खजुराच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून मतपेटी केली होती. चिठ्ठीवर फक्त 'हो' किंवा 'नाही'. बाईंनी वसईचे गोड फुगे तळले होते. लोक आले, फुगे खाल्ले, चहा घेतला, "बाई, तुमच्या हाताला काय चव आहे!" म्हणाले आणि डब्यात चिठ्ठी टाकून गेले. बाईंनी रजिस्टरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे खूण केली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या शनिवारी माझ्या गाडीचं पासिंग होतं.

सकाळी आठला तपासणी केंद्रावर गेलो. सगळं ठीक निघालं, पण टायर पाच वर्षांपेक्षा जुने. नापास. टायर दिसायला उत्तम होते, पण त्यांच्या जन्मतारखेपुढे माझं काही चाललं नाही. तिथून रास अल खोर. टायरच्या दुकानातला मल्याळी म्हणाला, "एक घंटा, खलास." घंट्याचे अडीच झाले. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याच्याशी किमतीवरून भांडलो, दिरहॅमचे रुपये करून स्वतःला घाबरवलं, समोरच्या टपरीवर दोन चहा प्यालो. मग पुन्हा रांग, पुन्हा तपासणी, आणि पावणेदोनला पास. पुढच्या काचेमागे बसून मला आठवड्यात पहिल्यांदाच काहीतरी पुरं केल्यासारखं वाटलं. घरी येऊन जेवलो आणि झोपलो.

बायको आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली होती. साडेचारला तिचा फोन आला.

"काय झालं मग? बाईंचं?"

मी म्हणालो, "कुठल्या बाईंचं?"

पलीकडे मागे सासूबाईंचा रेडिओ चालू होता.

"तू गेला नाहीस?" ती म्हणाली. "तू? अरे, तुझा नियम ना तो?"

चौदा वर्षांची मुलगी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू मेड द रूल."

"मला माहीत आहे."

"लाइक, यू गेव्ह अ होल स्पीच."

अध्यक्षांनी पाचच्या सुमाराला ग्रुपवर निकाल टाकला, हात जोडलेल्या सहा चित्रांसह. हलवायच्या बाजूने पंधरा, न हलवायच्या बाजूने चौदा. एकूण एकोणतीस. मी गणितात सामान्य आहे, पण हे गणित मलाही जमलं. माझं 'नाही' पडलं असतं तर पंधरा-पंधरा. आणि समसमान असल्यास जैसे थे, हे माझंच वाक्य.

पुढची सभा दोन आठवड्यांनी, नव्या जागेत, गालिच्यावर. मधल्या काळात मला कारणं सुचवली गेली. एकाने फोन करून सांगितलं, "ताप होता म्हण. डॉक्टरची चिठ्ठी मी देतो, मेहुणा क्लिनिकमध्ये आहे." दुसरा म्हणाला, "ऑफिसचं अर्जंट काम म्हण यार, कोण चेक करतंय?" बायको म्हणाली, "खरं सांग आणि खाली बस. भाषण करू नकोस." तिच्या सल्ल्याचा दुसरा भाग जास्त मोलाचा होता.

धंद्यामुळे मला एक माहीत आहे. खोटं कारण लांब असतं. त्यात पाऊस असतो, मांजर आडवं येतं, समोरचा ट्रक असतो. खऱ्याला दोन ओळी पुरतात आणि म्हणूनच ते कुणाला पटत नाही.

विषय आला तेव्हा अध्यक्ष उदारपणे म्हणाले, "अहो, हा नियम आपण जरा बाजूला ठेवू. असे प्रसंग होतात." त्यांना औदार्य परवडत होतं. मी उभा राहिलो. बाई पहिल्या रांगेत, हातात पर्स घेऊन बसल्या होत्या.

"गाडीचं पासिंग होतं," मी म्हणालो. "पण तेही कारण नाही. बाईंचं घर माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि सकाळी आठपर्यंत मी रिकामा होतो. दुपारी दोन वाजताही मी फोन केला असता तर डबा उघडायचा थांबला असता. मी विसरलो."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "प्रामाणिकपणाबद्दल टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या. यावेळी पंचवीसेक माणसं होती. नियम नसता तर इतकी आली नसती.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सभा संपल्यावर लिफ्टपाशी त्यांना म्हणालो, "बाई, पुन्हा मत घ्यायचा अर्ज करू का? माझं एक धरून..."

"आणि पुन्हा कुणीतरी विसरला म्हणजे?" त्या म्हणाल्या. "तो त्याचं गणित मांडेल. झालं ते झालं. मुलांना सुद्धा मी पेपर पुन्हा लिहायला दिला नाही कधी."

"मी 'नाही'च लिहिणार होतो."

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पार्किंग लागत नाही ना."

मी त्यावर घरी जाऊन विचार केला. कोणी कुठे राहतं आणि कोणाकडे गाडी आहे याची मनात यादी केली, तेव्हा पंधरा-चौदाची फाळणी जवळपास पुरी लागली. साहित्याचा, ऋणाचा, बाईंच्या वयाचा कशाचाच फारसा संबंध नव्हता. बाईंच्या इमारतीखाली शनिवारी गाडी लावायला वीस मिनिटं फिरावं लागतं. आमची अख्खी लोकशाही त्या वीस मिनिटांवर चालली होती, आणि बाईंनी ते फुगे वाढता वाढता ताडलं होतं.

पुस्तकं न्यायला अध्यक्षांच्या कंपनीचा टेम्पो आला. मी मदतीला गेलो. बाईंनी प्रत्येक खोक्यावर आकडा आणि विषय लिहून ठेवला होता. दोन तासांत भिंत मोकळी झाली. जिथे शेल्फ होती तिथे रंग जरा जास्त पांढरा होता. माणसं घाम पुसत होती तोवर बाईंनी रजिस्टरही आणून दिलं. "हे पण न्या. हे वाचनालयाचं."

लोकांकडे वाचायला गेलेली पुस्तकं अर्थातच टेम्पोत नव्हती. तीन माझ्याकडे होती. पुढच्या शनिवारी ती पिशवीत घालून मी नव्या जागेकडे निघालो, पण वाटेत बाईंकडे डोकावलो. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. दहा वाजून गेले होते. बाई कामाच्या साडीत, खुर्चीवर, समोर काही नाही. मुलगा ड्युटीवर. चहा विचारला, दिला.

साडेदहाला बेल वाजली. दारात आमच्या एक सभासद होत्या. शारजाच्या हद्दीजवळ राहतात, एका नर्सरीत मदतनीस आहेत, दर शनिवारी बसने येतात. हातात दोन पुस्तकं. आत बघून त्या थबकल्या.

"अगं बाई, खरंच नेली का?"

"मेसेज वाचला नाहीस?" बाईंनी विचारलं.

"वाचला. पण तिकडे जायला मला बस, मग मेट्रो, मग परत बस. दीड तास लागेल, बाई. जाऊन-येऊन तीन. एकला मला डबे करायचे असतात लोकांचे." त्या दारातच उभ्या होत्या, चपला न काढता. "मी 'नाही' लिहिलं होतं हो."

"मत गुप्त असतं," बाई म्हणाल्या. "सांगायचं नसतं."

मग बाईंनी हात पुढे केला आणि पुस्तकं घेतली. "हे दुसरं वाचलंस? शेवट पटला का?"

"नाही पटला," त्या म्हणाल्या. "तो उगाच माघारी येतो."

"बैस."

बाईंनी दोन्ही पुस्तकं रिकाम्या भिंतीपाशी, जमिनीवर, सरळ उभी करून ठेवली. मग आतून शाळेची एक कोरी वही आणली, पट्टीने चार रेघा ओढल्या आणि पहिल्या रकान्यात तारीख घातली.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी पिशवीतून माझी तीन पुस्तकं काढली आणि त्या दोन पुस्तकांच्या शेजारी ठेवायला वाकलो.

"तुमची नको," बाई म्हणाल्या.

"का?"

"तुमच्याकडे गाडी आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या वहीतच बघत होत्या. मी पुस्तकं परत पिशवीत घातली, चहाचा कप आत ठेवला आणि खाली आलो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात पोचायला पस्तीस मिनिटं लागली. पार्किंग भरपूर होतं. वरच्या मजल्यावर दिवे चालू होते, कपाटांना कुलूप होतं, आणि चावी अध्यक्षांकडे होती. ते एका उद्घाटनाला गेले होते. सिक्युरिटीवाल्याने माझं ओळखपत्र ठेवून घेतलं आणि एक फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: येण्याचे कारण. मी तो भरला आणि वाट बघत बसलो.