ब्रेकचा पिस्टन आणि दारातला जोगवा

आमच्या घरात देवाधर्माचं सगळं सासूबाईंकडे आणि गाडीचं सगळं माझ्याकडे, अशी वाटणी पहिल्यापासून आहे. माझ्या वडिलांचं नाशिकच्या द्वारका चौकाजवळ छोटं गॅरेज होतं, त्यामुळे लाटण्याच्या आधी माझ्या हातात पाना आला. देवावर माझा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. सासूबाई नवस बोलल्या की मी म्हणायचे, "आई, देवीला दुसरी कामं आहेत हो." त्याही काही कमी नाहीत. म्हणायच्या, "तुझ्यासारखीला सांभाळायचं हे एक काम आहेच की तिला!"

गेल्या नवरात्रात त्या सप्तशृंगी गडावरून रडत परत आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. इतक्या पायऱ्या चढून गेल्या आणि देवीच्या जागी त्यांना नुसता शेंदरी डाग दिसला. यंदा ऑपरेशनं झाली, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि घट बसल्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. "आता मला तिचं तोंड बघायचंय." मी म्हटलं, नेते. पायथ्याच्या नांदुरीपर्यंत आपली गाडी, तिथून वर एसटी.

आणि नेमकं तेव्हाच गाडीनं दगा दिला. ब्रेक मारला की डावीकडे ओढायची, आणि चाक हात लावू नये इतकं तापायचं. चाक काढून बघितलं तर ब्रेकचा पिस्टन कॅलिपरमध्ये, म्हणजे त्याच्या लोखंडी घरात, गंजून पक्का बसलेला, मागेही जाईना आणि पुढेही येईना. वडिलांची पद्धत मला ठाऊक होती. कॅलिपर खाली काढायचा, ब्रेक ऑइलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, म्हणजे पिस्टन आपोआप बाहेर येतो. पण तो येतो तो दणक्यात येतो, म्हणून समोर लाकडाचा ठोकळा हवाच. वडिलांच्या कॉम्प्रेसरबरोबर तो ठोकळाही मी माहेराहून आणला होता.

ठोकळा जागेवर नव्हता. घरभर शोधला आणि शेवटी देवघरात सापडला. घटाची टोपली डुगडुगत होती म्हणून सासूबाईंनी तो टोपलीखाली सारला होता, वर हळदीकुंकूही वाहिलं होतं. बसलेला घट उठेपर्यंत हलवायचा नाही, हे मी न मानणारी असले तरी मलाही माहीत होतं. दुसरं लाकूड शोधायचा कंटाळा केला. जाड फडक्याची घडी कॅलिपरमध्ये कोंबली आणि म्हटलं, चालतंय की.

आमचे हे अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले. घरात आम्ही दोघीच. टॉर्च धरायला सासूबाई हौसेनं पुढे आल्या. "आता मला लख्ख दिसतं," म्हणत प्लास्टिकची खुर्ची ओढून अगदी समोर बसल्या. कॅलिपर जुन्या टायरवर ठेवून मी हवा सोडली. काही नाही. आणखी सोडली. तरी ढिम्म. त्या वाकून वाकून बघत होत्या, आणि मीच, हो मीच म्हणाले, "आई, जरा जवळ धरा. आणि हलू नका."

तेवढ्यात फाटकातून हाक आली. "अंबाबाईचा जोगवाऽ!"

"जाऊ दे आई, जाईल ती पुढे," मी म्हटलं.

"अगं, नवरात्रात जोगव्याला नाही म्हणतात का कुठे?" असं म्हणत त्या उठल्या आणि टॉर्च घेऊन चालायलाही लागल्या. माझं डोकं फिरलं. "आई, हातातलं काम सोडून..." एवढं ओरडायला मी मान वळवली आणि मागे फाडकन आवाज झाला.

मला वाटलं टायर फुटला. बघते तर फडकं लांब उडालेलं, ब्रेक ऑइल भिंतीवर शिंपडलेलं, आणि सासूबाईंच्या खुर्चीची पाठ मधोमध फुटलेली. त्या भोकामागच्या भिंतीचा गिलावा निघाला होता आणि खाली पिस्टन पडला होता, चांगला मूठभर लोखंडाचा. एका क्षणापूर्वी त्या जागी काय होतं ते मला उमगलं. मी मटकन खाली बसले. अगं आई गं, मी काय करून बसले होते! त्या डोळ्यांसाठी गाडी दुरुस्त करायला घेतली आणि तेच डोळे मी तोफेच्या तोंडी दिले होते.

सासूबाई दारात थिजून उभ्या होत्या. एकदा खुर्चीकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. परडी घट्ट धरून जोगवा मागणारी ती बाईही घाबरली होती. "काय फुटलं वं ताई? लागलं का कुणाला?" तिनं विचारलं. मी नुसती मान हलवली. सासूबाईंनी आतून जोंधळे आणून तिच्या परडीत वाढले. ती म्हणाली, "जोगव्याची माझी पाच घरं मघाशीच झाली व्हती. तुमच्या दारी कशी थांबली, माझं मलाच नाय कळत." आणि ती वळून गेली.

हा योगायोग असेल. मी कुणाशी वाद घालत नाही. पण त्या दिवशी मी सासूबाईंच्या मांडीत डोकं खुपसून रडले. त्या रागावल्या नाहीत. केसातून हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "तुला म्हटलं होतं ना, सांभाळते ती."

पुढे पिस्टन आणि सील नवं घातलं, ते सगळं रीतसर झालं. पण गडावर जाताना मी गाडी काढलीच नाही. नाशिकपासूनच एसटीनं गेलो. दुसऱ्याच्या गाडीत मला स्वस्थ बसवत नाही. घाटात वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, समोर ब्रेक नसतानाही. सासूबाई माझ्याकडे बघून गालात हसत होत्या. अर्ध्या घाटात कधीतरी तो पाय सैल पडला. सगळं आपल्याच पायाखाली नसतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी समजावू शकलं नव्हतं.

वर गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा सासूबाई देवीसमोर अशा उभ्या राहिल्या की हलेचनात. "बघितलंस का गं, कशी बघतेय आपल्याकडे?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर माझी नजर देवीपर्यंत गेलीच नव्हती. मी सासूबाईंचे डोळे बघत होते. दोन्ही उघडे, पाण्यानं डबडबलेले, आणि शाबूत. मी हात जोडले ते तिथेच.