एकदा टक, दोनदा टक

आमच्या बाई 'चुकलं' असं तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत. समोर स्टीलचा ग्लास असायचा, त्यावर चमच्याने बरोबर उत्तर वाजवायच्या. एकदा टक म्हणजे नाम, दोनदा टक म्हणजे विशेषण. जन्मभर शाळेत सत्तर-सत्तर पोरांपुढे ओरडून त्यांचा गळा गेला होता. उरला होता तो नुसता कुजबुजण्यापुरता.

मी मूळची जासईची, आता नेरूळला फ्लॅटात. दहावीला इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या, आणि साठीला टेकल्यावर पुन्हा बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलेला. मुलगा म्हणायचा, "आई, कशाला टेन्शन घेतेस?" पण मला पास व्हायचंच होतं, आणि आता चौथ्यांदा बसायचं त्राण नव्हतं. दुपारची भांडी आवरली की तळमजल्यावर बाईंकडे जायची. त्या दमलेल्या, मीही दमलेली.

माझं सगळं अडायचं ते शेवटी 'इंग' लागलेल्या शब्दांपाशी. कधी तो कामाचं नाव असतो, त्याला म्हणायचं जेरंड. कधी माणसाचं वर्णन करतो, तो पार्टिसिपल. दिसायला दोघं सारखेच, मग ओळखायचे कसे हो?

"वॉकिंग स्टिक," बाई कुजबुजल्या. मी दोनदा टक केलं.

"काठी चालते का गं? चालण्यासाठी असते ती." एकदा टक.

पुस्तकातली वाक्यं त्यांना चालत नसत. "तुझ्या घरातलं सांग."

"स्लीपिंग हजबंड."

"खरंच झोपतो?"

"जेवला की आडवाच, बाई."

टक टक. त्या दिवशी हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मलाच अपराध्यासारखं झालं.

पुढे पुढे शिकवतानाच त्यांचा डोळा लागे. मग मी आवाज न करता वाक्यं लिहायची आणि हळूच ग्लास वाजवायची. एकदा चुकीचं वाजवलं, तर बाईंनी मिटल्या डोळ्यांनीच एक बोट वर केलं. झोपेतसुद्धा सुटका नाही!

परीक्षेला आठ दिवस राहिले आणि बाईंची लेक त्यांना गळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला घेऊन गेली. रिक्षात बसताना त्यांनी माझा हात धरला. "मी नसले तरी वाजवत जा."

पेपरात तोच 'इंग'चा प्रश्न आला. मी बाकावर पेन्सिल टेकवत बसले. "आजी, आवाज नको," पर्यवेक्षक म्हणाले. मग मांडीवर बोटाने केलं.

निकाल लागला तसा पुण्याला फोन लावला. लेक म्हणाली, "आईचा आवाज आता गेला तो गेलाच, काकू. पण ऐकू येतं. तिच्या कानाला लावते."

"बाई, पास झाले हो."

पलीकडे ग्लास वाजला. एकदा, दोनदा... वाजतच राहिला.

"पुरे बाई," मी म्हटलं, "हात दुखेल तुमचा." तरी थांबेनात.